वेदगंगेकाठच्या गावाचे उपसा केंद्र : अश्वशक्ती आधी ठरवावी की जागा आधी मोजावी?

वेदगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. आमचे गाव बेळगाव जिल्ह्यातील निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठी आहे आणि मी ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. दोन कामे एकाच वेळी पुढे आली आहेत. पहिले काम पिण्याच्या पाण्याचे आहे. नदीतील जॅकवेलमधून (पाणी उचलण्याच्या विहिरीतून) टेकडीवरील उंच टाकीत पाणी चढवणारी जुनी योजना आता पुरत नाही. दुसरे काम सांडपाण्याचे आहे. खालच्या गल्लीचे पाणी आज नाल्याने सरळ नदीत उतरते, ते एका खड्ड्यात गोळा करून सुमारे ६०० मीटरवरील प्रक्रियेच्या तळ्यापर्यंत उपसून न्यायचे आहे.

पुढील काळाची लोकसंख्या ८,००० धरली आहे. उन्हाळ्यातील नदीच्या तळपातळीपासून टाकीच्या तोंडापर्यंतची उंची ४६ मीटर आणि रायझिंग मेनची, म्हणजे पंपापासून टाकीपर्यंत पाणी चढवणाऱ्या पाइपाची, लांबी ३.२ किलोमीटर आहे. खालच्या गल्लीत २,००० माणसे धरावीत. एका पुरवठादाराने जागा न पाहताच ३५ अश्वशक्ती आणि ९० मीटर हेडचा (म्हणजे पाणी तेवढ्या उंचीइतक्या दाबाने ढकलणारा) पंप सुचवला आहे, आणि सांडपाण्यासाठी कारखान्यात तयार होऊन येणारे फायबरचे केंद्र घ्या असे म्हटले आहे. दोन्ही प्रस्ताव पुढच्या बैठकीत येणार आहेत. जाणकारांनी मत द्यावे.

हिंडलगा_रोड

सदस्य साहेब, पंपाची निवड हा या कामातील शेवटचा प्रश्न आहे आणि तुमच्याकडे तो पहिला म्हणून आलेला आहे. मी पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालो असलो तरी हिशेब करण्याची सवय सुटलेली नाही, म्हणून आकडे मांडूनच बोलतो.

जलजीवन मिशनप्रमाणे माणशी ५५ लिटर धरल्यास ८,००० लोकांना दिवसाला ४.४ लाख लिटर पाणी लागते. गळती आणि धुण्यासाठी १५ टक्के सोडले तर उपसा सुमारे ५.२ लाख लिटरांचा होतो. हे पाणी ८ तासांत चढवायचे असेल तर सेकंदाला १८ लिटर हवेत, आणि १६ तास वीज मिळणार असेल तर ९ लिटर पुरतात. म्हणजे हेस्कॉम या वीज कंपनीकडून तुमच्या वाहिनीवर थ्री फेज किती तास मिळते, हे विचारल्यावाचून पंपाचा पहिला आकडासुद्धा लिहिता येत नाही. तूर्त ८ तास धरू.

आता ९० मीटर. टाकीची उंची ४६ मीटर ही निसर्गाने दिलेली आहे, तीत सूट मिळत नाही. उरलेले सगळे हेड पाइपातील घर्षणाचे असते आणि ते आपल्या हातात असते. १५० मिलिमीटर व्यासाच्या, आतून सिमेंटचे अस्तर असलेल्या नव्या डीआय (डक्टाइल आयर्न) पाइपातून १८ लिटर नेताना ३.२ किलोमीटरमध्ये सुमारे २२ मीटर हेड खर्ची पडते. वळणे आणि व्हॉल्व्ह यांचे ३ मीटर धरून बेरीज ७१ होते. तोच पाइप २०० मिलिमीटरचा घेतला तर घर्षण जेमतेम साडेपाच मीटर राहते आणि एकूण हेड ५४ मीटरच्या आत येते. म्हणजे नव्या पाइपाच्या कोणत्याही हिशेबात ९० येत नाहीत. ते कोठून आले असावेत याची मला शंका आहे. तुमचा सध्याचा पाइप कोणता आणि किती जुना आहे?

वेदगंगाकाठ

साहेब, सध्याचा पाइप १५० मिलिमीटरचा बिडाचा आहे आणि आमच्या वडिलांच्या वेळचा आहे. त्याच्या जागी त्याच व्यासाचा डीआय पाइप प्रस्तावात धरला आहे. सध्याचा पंपही ९० मीटरचाच आहे आणि चालतोही, म्हणून तोच आकडा पुढे आला असेल.

हिंडलगा_रोड

मग उलगडा झाला. बिडाच्या जुन्या पाइपात आतून गंजाच्या गाठी धरतात, पाण्याची वाट अरुंद आणि खरखरीत होते. नव्या पाइपासाठी गुळगुळीतपणाचा जो गुणांक १४० धरतात तो अशा पाइपासाठी १०० धरावा लागतो, आणि त्या हिशेबाने घर्षण २२ वरून सुमारे ४१ मीटरवर जाते. ४६ अधिक ४१ अधिक ३, बरोबर ९०. जुन्या पाइपासाठी तो पंप योग्यच होता. प्रस्तावात मात्र पाइप नवा आला आणि पंप जुन्या पाइपाच्या मापाचाच राहिला.

असा पंप नव्या पाइपावर बसवला की त्याला समोरून अपेक्षेइतका विरोध होत नाही. तो १८ लिटरांऐवजी बरेच अधिक पाणी ढकलू लागतो. सेंट्रिफ्युगल पंपाला पाणी वाढले की शक्तीही अधिक लागते, त्यामुळे मोटर ओव्हरलोडवर जाते. पावसाळ्यात नदी चढली की स्थिर उंची आणखी घटते आणि प्रकार आणखी बिघडतो. म्हणून चौकशीपत्रात एकच हेड लिहू नये. उन्हाळ्यातील तळपातळी आणि पुरातील पातळी या दोन्हींसाठी पंप कोठे चालेल, हे पुरवठादाराकडून पंपाच्या प्रवाह-हेड वक्ररेषेवर खूण करून मागावे.

आता व्यास. सर्व जण पाइपाची किंमत पाहून १५० घेतात. १५० आणि २०० यांच्या हेडमध्ये सुमारे १७ मीटरांचा फरक आहे. पंप ६५ टक्के आणि मोटर ८८ टक्के कार्यक्षम धरली तर हा फरक सव्वापाच किलोवॉटचा होतो, आणि रोज ८ तासांप्रमाणे वर्षाला १५,००० युनिटांच्या पुढे जातो. तुमच्या बिलातील दराने त्याला गुणा, पाइपाच्या वाढीव किमतीला त्याने भागा, म्हणजे किती वर्षांत पैसे फिटतात ते बैठकीतच सर्वांना दिसेल. पाइप एकदाच विकत घ्यायचा असतो, वीज मात्र योजना आहे तोवर.

उद्यमबाग_फिटर

साहेबांच्या हिशेबाला कार्यशाळेतून पुरवणी जोडतो. आमच्याकडे जळालेल्या मोटरी येतात, त्यांतील पुष्कळ अशाच जादा हेडच्या पंपांच्या असतात. गावात काय करतात, तर मोटर ॲम्पिअर जास्त घेते म्हणून वॉटरमन डिलिव्हरीचा (पंपातून बाहेर जाणाऱ्या पाइपाचा) स्लूस व्हॉल्व्ह अर्धा दाबतो. ॲम्पिअर खाली येतात आणि सर्वांना वाटते की दुरुस्ती झाली. प्रत्यक्षात पैसे मोजून निर्माण केलेले हेड त्या अर्ध्या व्हॉल्व्हवर जाळले जात असते. व्हॉल्व्हची पाटी खाल्ली जाते, पुढे तो पुरा बंदही होत नाही.

तुमच्या गावात हे आहे की नाही ते अर्ध्या तासात कळेल. पंपाच्या डिलिव्हरीवर, व्हॉल्व्हच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन प्रेशर गेज बसवा. गेजवरील प्रत्येक किलोमागे १० मीटर हेड समजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर पाइप खरोखर तेवढे हेड खात आहे. अलीकडे ९ आणि पलीकडे ६ दिसले तर ३० मीटर व्हॉल्व्हवरच संपत आहेत. त्याच वेळी टाकीत दर तासाला पाणी किती चढते ते पट्टीने मोजा. जागेचे असे मोजमाप हातात असेल तर कोणताही पुरवठादार तुम्हाला अश्वशक्ती विकू शकणार नाही.

जांभ्याची_वाट

मी खानापूरकडची, मलनिस्सारणाच्या आराखड्यांचे काम करते. पिण्याच्या पाण्यावर साहेबांनी सांगितले त्याहून अधिक काही सांगण्यासारखे नाही, म्हणून सांडपाण्याकडे वळते. तेथे हिशेबाचे तर्कशास्त्रच उलटे चालते आणि स्वच्छ पाण्याचा अनुभव असलेले अभियंतेही नेमके तेथे अडखळतात.

पुरवलेल्या पाण्याचे ८० टक्के सांडपाणी होते असे केंद्रीय नियमपुस्तिका धरते. माणशी ४४ लिटर, २,००० माणसे, म्हणजे दिवसाला ८८,००० लिटर आणि सरासरी सेकंदाला १ लिटरच्या किंचित वर. पण लोक पाणी सरासरीने वापरत नाहीत. सकाळी सहा ते नऊमध्ये अंघोळी, धुणी, भांडी सगळे एकदम येते. २०,००० पर्यंतच्या वस्तीला ही कमाल आवक सरासरीच्या ३ पट धरतात, म्हणजे ३ लिटर. साहजिकच कोणीही म्हणेल की ३ लिटरचा पंप घ्या.

तो घेता येत नाही. सांडपाण्यात केस, चिंध्या, भाजीचे देठ, प्लास्टिकच्या पिशव्या आणि आपल्याकडील घरांत भांडी घासायची राख व माती असते. रायझिंग मेनमध्ये वेग सेकंदाला ०.८ मीटरपेक्षा कमी झाला की माती तळाशी बसू लागते. घन पदार्थ जाऊ द्यायचे तर पाइप १०० मिलिमीटरपेक्षा लहान ठेवू नये, आणि १०० च्या पाइपात ०.८ चा वेग ठेवायला सेकंदाला ६.३ लिटर लागतात. म्हणजे आवक जास्तीत जास्त ३ लिटर असली तरी पंप ६.३ लिटरचा हवा. पंपाचे माप येथे पाइप ठरवतो, गल्ली ठरवत नाही.

आवक कमी आणि पंप मोठा असला की पंप थोडा वेळ चालून थांबतो, पुन्हा सुरू होतो. मोटरीला तासात सहापेक्षा जास्त वेळा सुरू व्हावे लागू नये असे धरल्यास एक चक्र १० मिनिटांचे होते, आणि चालू व बंद या दोन पातळ्यांमधील पाणी म्हणजे पंपाचा प्रवाह गुणिले चक्राचा काळ भागिले चार, येथे सुमारे ९५० लिटर. याहून खड्डा लहान ठेवला तर स्टार्टर जळतो. म्हणून मोठा खड्डा करावा, ही दुसरी चूक. सांडपाणी अर्ध्या तासापेक्षा जास्त साचून राहिले की कुजू लागते, आणि तुमच्या सरासरी आवकेवर अर्धा तास म्हणजे १,८०० लिटरांच्या आसपास. तुम्हाला ९५० आणि १,८०० यांच्या मधली जागा आहे, तिच्या बाहेर जाता येणार नाही.

आणखी एक गोष्ट आराखड्यात सहसा दिसत नाही. ६०० मीटर लांब, १०० मिलिमीटरच्या पाइपात ४,७०० लिटर पाणी मावते. १ लिटरच्या सरासरीने ते पाइपात सव्वा तास राहते, आणि रात्री आवक जवळपास थांबल्यावर कितीतरी अधिक. तेथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तळ्याकडील चेंबरमध्ये पाणी धबधब्यासारखे आदळले तर तो वायू सुटतो, काँक्रीटच्या छतावर त्याचे सल्फ्युरिक आम्ल बनते आणि काही वर्षांत सळ्या उघड्या पडतात. पाइपाचे तोंड पाण्याखाली ठेवावे आणि चेंबरला वायुनलिका द्यावी. खर्च फारसा नाही, फक्त नकाशावर ते आधी काढलेले असावे लागते.

अथणीचा_शेतकरी

एवढे सगळे खरे असेल, पण लहान ग्रामपंचायतीला हे झेपणार आहे का? आमच्या भागात कृष्णेवरच्या उपसा सिंचनाच्या कामांत मी पाहिले आहे की प्रत्येक ठिकाणी नवा आराखडा म्हटले की दोन वर्षे कागदांतच जातात. फायबरचे तयार केंद्र ट्रकवर येते, खड्ड्यात उतरते, आठवड्यात सुरू होते. पंप, गाइड रेल, फ्लोट, पॅनेल सगळे जोडलेले असते. गळत नाही, गंजत नाही. त्याला इतका विरोध कशासाठी?

जांभ्याची_वाट

दादा, तयार केंद्राला माझा विरोध नाही. अथणीकडे जेथे जमीन कोरडी आणि निचऱ्याची असेल तेथे मीसुद्धा तेच सुचवेन. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात पाऊस महिनोन्‌महिने कोसळतो आणि तुमच्याकडे तो ढग दाखवून जातो, म्हणून दोन ठिकाणी एकच नकाशा चालत नाही, इतकेच माझे म्हणणे आहे. आणि वेदगंगेच्या काठी जागेचा प्रश्न तिसराच आहे.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बेंगळूरु महामार्गावर आले होते. अशा वेळी काठच्या काळ्या जमिनीत भूजल थेट पृष्ठभागापर्यंत चढते. सांडपाण्याच्या खड्ड्यासाठी बाहेरून ३ मीटर व्यासाची आणि ६ मीटर खोल विहीर घ्या. ती ४२ घनमीटर पाणी बाजूला सारते, म्हणजे तिला खालून ४२ टनांचा धक्का बसतो. २०० मिलिमीटर जाडीच्या भिंती, ४०० चा तळ आणि २०० चा वरचा स्लॅब यांचे काँक्रीट १४ घनमीटर भरते, वजन सुमारे ३५ टन. आतील पाणी उपसलेले असेल तर काँक्रीटची विहीरसुद्धा नावेप्रमाणे वर येऊ पाहते, फायबरची तर त्याहून हलकी. उपाय अवघड नाही. तळाचा स्लॅब भिंतीबाहेर चारही बाजूंनी ३०० मिलिमीटर वाढवला की त्यावर बसणाऱ्या मातीचे, पाण्यातील वजन धरूनसुद्धा, १५ टनांच्या आसपास ओझे मिळते. फायबरच्या केंद्रालाही असाच काँक्रीटचा पाया देऊन ते त्याला जखडता येते. पण पुरवठादाराच्या किमतीत तो पाया धरलेला आहे का, हे विचारा. बहुधा ते काम ‘ग्राहकाकडे’ असे बारीक अक्षरांत असते.

पॅनेल, स्टार्टर आणि मीटर यांचा ओटा २०२१ च्या पूररेषेच्या वर किमान एक मीटर ठेवावा. पूररेषा शोधायला सर्वेक्षण लागत नाही, काठच्या घरांच्या भिंतींवर ती अजून दिसते. पावसाचे पाणी उपसण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. उघड्या गटारांत पावसाळ्यात येणारी आवक कोणत्याही पंपाच्या आवाक्याबाहेरची असते. विहिरीच्या अलीकडे ओव्हरफ्लोचा बांध ठेवून जादा पाणी चाळणीतून नाल्याला जाऊ द्यावे.

शेवटी जे आधीच लिहायला हवे होते ते. विहिरीत माणूस उतरावा लागेल असा एकही भाग आराखड्यात असू नये. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड आहे, तळाशी साठतो, आणि प्रमाण वाढल्यावर नाकाला त्याचा वास येणेच बंद होते. पंप साखळीने वर ओढता यावा, कचऱ्याची जाळीची टोपली वरूनच उचलता यावी, व्हॉल्व्ह विहिरीत नसून शेजारच्या उथळ कोरड्या चेंबरमध्ये असावेत. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ‘उतरण्यासाठी शिडी’ असे ज्या नकाशात लिहिलेले असेल तो परत पाठवावा.

वेदगंगाकाठ

ताई, पूररेषेची खूण आमच्या समाजमंदिराच्या भिंतीवर आहे, ती उद्याच मोजतो. उद्यमबागचे भाऊ, गेजही लावून पाहिले. व्हॉल्व्हच्या अलीकडे साडेआठ आणि पलीकडे साडेआठला थोडे कमी, म्हणजे जुना पाइपच हेड खात आहे.

आणखी दोन शंका. पुरवठादार म्हणतो की व्हीएफडी (मोटरीचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) लावा, विजेची तिसरा हिस्सा बचत होईल. आणि वीज गेली की आमच्या पंपघरात मोठा धडाका होतो, दोनदा पाइप फुटला आहे. त्यावर नव्या रचनेत काय करावे?

हिंडलगा_रोड

गेजच्या आकड्याने हिशेबाला दुजोरा मिळाला, हे उत्तम झाले. म्हणजे नव्या पाइपासाठी ९० मीटर विसरावे.

व्हीएफडीबद्दल. वेग कमी केला की प्रवाह त्याच प्रमाणात, हेड वर्गाच्या आणि शक्ती घनाच्या प्रमाणात घटते, हे पुस्तकी सत्य आहे आणि विक्रेते घनावरच बोट ठेवतात. पण २०० च्या पाइपावर तुमच्या ५४ मीटरांपैकी ४६ मीटर नुसती उंची आहे. वेग १० टक्के कमी केला की पंपाचे हेड सुमारे १९ टक्के उतरते आणि पाणी टाकीपर्यंत पोहोचणे कठीण होते. जेथे बहुतेक हेड घर्षणाचे असते किंवा मागणी तासागणिक बदलते तेथे व्हीएफडी शोभते. तुमची टाकी भरायची आणि थांबायचे, तेथे योग्य मापाचा पंप आणि मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर पुरे. त्यातून वाचलेल्या पैशांत एक फेज गेल्यास मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि पाण्याची पातळी घटल्यास मोटर थांबवणारा सेन्सर घ्या.

धडाक्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडील वीज पाहता हा मुद्दा पंपाइतकाच महत्त्वाचा आहे. वीज गेली की पंप काही क्षणांत थांबतो, पण ३.२ किलोमीटरमधील पाणी गतीत असते. आधी ते पुढे जात राहते आणि पंपाजवळ दाब कोसळतो, मग ते उलटे फिरते आणि पाणी मागे येऊ न देणाऱ्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर आदळते. धातूच्या पाइपात दाबाची लाट सेकंदाला हजार मीटरांहून अधिक वेगाने धावते. त्यामुळे १५० च्या पाइपातील १ मीटरचा वेग एकाएकी थांबला तर १०० मीटरांहून अधिक जादा दाब उठतो, तोही चालू दाबाच्या वर. २०० च्या पाइपात वेग ०.५७ असल्याने धक्काही जवळपास निम्मा होतो. मोठ्या व्यासाचा हा दुसरा फायदा कोणी हिशेबात धरत नाही. साध्या झडपेऐवजी झिरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह घ्यावा, तो पाणी उलटे फिरण्याच्या आतच मिटतो. पाइपाच्या मार्गात जेथे जेथे उंचवटा आहे तेथे हवा आत-बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह हवा, नाहीतर दाब कोसळल्यावर तेथे पोकळी होते आणि पाणी पुन्हा जुळताना पाइप फुटतो. तुमचा पाइप दोन्ही वेळा एखाद्या उंचवट्याच्या आसपासच फुटला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

बेळगावचेच पाहा. हिडकलच्या जलाशयापेक्षा शहर बरेच उंचावर असल्याने पाणी टप्प्याटप्प्याने उपसून आणावे लागते आणि मधल्या एका केंद्राची वीज गेली तरी नळ कोरडे पडतात. तुमचा टप्पा एकच आहे, तेवढा तरी नीट करून घ्या.

वेदगंगाकाठ

पाइप दोन्ही वेळा माळावरच्या उंचवट्याजवळच फुटला होता, आणि तेथे एअर व्हॉल्व्ह नाही. चौकशीपत्र नव्याने लिहितो : २०० चा पाइप, १८ लिटर, दोन नदीपातळ्या, एक चालू आणि एक राखीव पंप. सांडपाण्यासाठी ६.३ लिटर, राखीव पंपासह, आणि पाया पुरवठादाराच्याच कामात. आणखी काही राहिले का?

उद्यमबाग_फिटर

तीन गोष्टी घाला. पंप रवाना होण्यापूर्वी कारखान्यात तुमच्या माणसासमोर चाचणी व्हावी, आणि १८ लिटर व ५४ मीटर या बिंदूवरील कार्यक्षमता कागदावर सही करून मिळावी. इम्पेलर, सील, बेअरिंग यांचा एक संच पंपाबरोबरच घ्यावा, कारण पुढे पावसाळ्यात तो मिळेपर्यंत गाव कोरडे राहते. आणि सुरू-बंद करण्याचा क्रम, नेहमीचे ॲम्पिअर व गेजचा नेहमीचा आकडा मराठीत आणि कन्नडमध्ये रंगवून पंपघराच्या भिंतीवर लावावा. पॅनेलवरचे इंग्रजी वाचून कोणताही वॉटरमन पंप चालवत नाही, शेजारच्याने दाखवले तसेच चालवतो. सांडपाण्याचा राखीव पंप नुसता ठेवू नका, दोन्ही आळीपाळीने चालतील असा रिले पॅनेलमध्येच मागा. महिनोन्‌महिने पाण्यात स्वस्थ पडलेला पंप गरजेच्या दिवशी फिरत नाही.